पोटरी चालती ठेवा: छोट्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून

हर्निया, पित्ताशय, गुडघ्याची दुर्बीण, मूळव्याध, क्युरेटिंग. अशी ऑपरेशनं पुण्यात हल्ली सकाळी होतात आणि पेशंट त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. डिस्चार्जच्या पिशवीत रिपोर्ट आणि गोळ्यांबरोबर कधीकधी गुठळी होऊ नये म्हणून पायावर दाब देणाऱ्या पांढऱ्या लांब मोज्यांचा एक जोडही असतो. गोळ्या कधी घ्यायच्या ते नर्स दोनदा समजावते, मोज्यांबद्दल मात्र ‘घालत जा’ एवढंच कानावर पडतं. मग तो जोड एक तर कपाटात जातो, नाहीतर चार-चार दिवस न काढता पायातच राहतो. पहिल्या प्रकारात मोज्याचा उपयोग होत नाही, दुसऱ्यात टाचेला जखम होऊ शकते.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते कशी हे एकदा कळलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवण्याचं बरंचसं काम पोटरीचे स्नायू करतात. खोल शिरा याच स्नायूंच्या मधून जातात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतात, शीर पिळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. भूल दिलेली असते तेव्हा हा पंप बंद असतो आणि नंतर दुखतं म्हणून माणूस पडून राहतो तेव्हाही तो जवळपास बंदच असतो. गुठळीची तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात: रक्त साचणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. ऑपरेशनमध्ये तिन्ही थोडीथोडी एकत्र येतात. जखम भरून काढायची म्हणून शरीर स्वतःच रक्त घट्ट करण्याच्या तयारीत असतं. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं.

हा धोका ऑपरेशनच्या दिवसापुरता नसतो, आणि घरोघरी गैरसमज होतो तो इथेच. ब्रिटनमधल्या सुमारे साडेनऊ लाख मध्यमवयीन स्त्रियांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. डे-केअर ऑपरेशननंतरच्या १२ आठवड्यांत दर ८१५ स्त्रियांमागे एकीला गुठळीसाठी दाखल व्हावं लागलं होतं. मुक्कामाच्या ऑपरेशननंतर हेच प्रमाण १४० मागे एक होतं. सगळ्यात जास्त धोका दिसला तो तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे टाके निघाल्यावर, ‘आता सगळं ठीक आहे’ असं वाटायला लागल्यावर. छोट्या ऑपरेशननंतर घाबरून जाण्याइतका हा आकडा मोठा नाही, पण तीन आठवडे बेफिकीर राहण्याइतका लहानही नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काय सांगायचं

धोका प्रत्येकाचा वेगळा असतो. वय साठीपुढे, वजन जास्त, पायाला प्लास्टर, कॅन्सर किंवा त्याचे उपचार, नुकतंच बाळंतपण, व्हेरिकोज व्हेन्स (पायावरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा), ऑपरेशन ४५ मिनिटांहून लांबणारं: यातल्या प्रत्येक गोष्टीने तो वाढतो. स्वतःला पूर्वी गुठळी झालेली असेल, किंवा आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला झाली असेल, तर ते सर्वांत आधी सांगा. ‘वडिलांच्या पायाला सूज होती, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या’ एवढं आठवत असलं तरी पुरे.

हॉर्मोनच्या गोळ्यांची गोष्ट बायका बहुतेक वेळा सांगत नाहीत, कारण त्या त्यांना औषध वाटतच नाहीत. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, पाळी गेल्यानंतरच्या हॉर्मोनच्या गोळ्या आणि गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्या, तिन्हींचा उल्लेख करा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या चार आठवडे आधी थांबवायच्या का, हा डॉक्टरांशी बोलून घ्यायचा निर्णय आहे. तो ऑपरेशनच्या आदल्या रात्री घेता येत नाही.

घरी निघताना तीन प्रश्न विचारून उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: मला मोजे लागणार आहेत का आणि कोणत्या दाबाचे, किती दिवस, आणि रात्री काढायचे की ठेवायचे.

मोजे कुणी घालायचे नाहीत

हा भाग मोजे विकत घेण्याआधी वाचायचा आहे. पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर बाहेरचा दाब उरलासुरला रक्तपुरवठाही कमी करतो. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, पाऊल कायम थंड पडतं, बोटांवरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, ही त्याची लक्षणं. बिडी-सिगारेट ओढणारे आणि जुना मधुमेह असलेले यांनी पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय मोजे चढवू नयेत. मधुमेहात दुसराही धोका असतो. तळपाय बधिर असेल तर मोजा काचतोय हे कळतच नाही आणि कळेपर्यंत टाचेला फोड आलेला असतो. हृदय कमजोर असल्यामुळे पाय सुजलेले असणं, पायाची कातडी कागदासारखी पातळ होणं, पायावर इसब किंवा उघडी जखम असणं, पायाची बायपास झालेली असणं, यांतल्या कुठल्याही परिस्थितीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय मोजे नकोत. पक्षाघाताच्या पेशंटवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट कातडीच्या तक्रारी वाढल्या. शेजाऱ्यांना चालले म्हणून त्यांचे मोजे आपल्याला चालतीलच असं नाही.

कोणता मोजा, कोणत्या मापाचा

दुकानात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने मिळतात. हॉस्पिटलातला पांढरा मोजा पडून असणाऱ्या माणसासाठी असतो. त्याचा दाब घोट्याला साधारण १८ मिलिमीटर पारा, पोटरीला १४ आणि वर आणखी कमी असा उतरत जातो. कातडीच्या रंगाचे जाड मोजे सूज आणि व्हेरिकोज व्हेन्ससाठी असतात. त्यांत वर्ग एक, दोन, तीन असे प्रकार येतात. जर्मन मापाप्रमाणे वर्ग दोन म्हणजे घोट्याला २३ ते ३२, ब्रिटिश मापाप्रमाणे मात्र वर्ग दोन म्हणजे १८ ते २४. म्हणून नुसतं ‘क्लास टू द्या’ म्हणू नका, बॉक्सवरचा दाबाचा आकडा वाचा आणि चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळवा. व्हेरिकोज व्हेन्सच्या लेझरनंतर दिलेला मोजा वेगळ्या कामाचा असतो. तिथे सर्जनने सांगितलेलाच घ्यायचा.

माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, आदल्या दिवसाची सूज ओसरलेली असतानाच. शिंप्याची टेप पुरते. घोट्याच्या हाडाच्या किंचित वर, जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर. पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यासाठी टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची लांबी, मांडीपर्यंतच्या मोज्यासाठी मांडीचा सर्वांत जाड भागाचा घेर आणि नितंबाखालच्या घडीपर्यंतची लांबी. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. ऑपरेशन झालेला पाय सुजलेला असतो आणि दोन पायांना दोन मापं लागली तर त्यात चुकीचं काही नाही. हे आकडे कागदावर लिहून सर्जिकलच्या दुकानात न्या आणि त्या कंपनीच्या तक्त्यावर बोट ठेवून माप ठरवा. चपलेच्या नंबरावरून मोजा देणाऱ्या दुकानातून परत या.

गुडघ्यापर्यंतचा की मांडीपर्यंतचा? डॉक्टरांनी मुद्दाम मांडीपर्यंतचा लिहिला नसेल तर गुडघ्यापर्यंतचा घ्या. मांडीचा मोजा पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात घामाने घसरतो, गुडघ्यामागे गोळा होतो आणि तिथे दोरीसारखा आवळतो. जो मोजा माणूस खरोखर दिवसभर घालेल तो चांगला. जोड मात्र दोन घ्या. पावसाळ्यात एक वाळायला दोन दिवस लागू शकतात.

क्रेप बँडेज हा याला पर्याय नाही. हाताने गुंडाळताना दाब कुठे किती पडला हे कळत नाही. अनेकदा पोटरीला जास्त आणि घोट्याला कमी, म्हणजे हवा त्याच्या उलटा दाब पडतो.

चढवायची पद्धत

पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर पहिले काही दिवस स्वतः वाकून मोजा ओढू नका, टाक्यांवर ताण येतो. घरातल्या माणसाने घालून द्यावा. जोडवी आणि पैंजण आधी काढा. सुजलेल्या बोटात जोडवं रुततं, पैंजणाची कडी मोज्यात अडकते आणि कातडीवर वळ उठतो. जोडवी काढायचीच नसतील तर पुढून उघडा मोजा घ्यावा.

१. नखं कापलेली, पाय धुऊन पूर्ण कोरडा, तेल किंवा मलम लावलेलं नाही, हे बघा. चिकटत असेल तर चिमूटभर पावडर चालेल.

२. मोज्यात हात घालून टाचेचा भाग आतून चिमटीत पकडा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. मोज्याचा पावलाचा भाग मात्र आतच खिशासारखा राहिला पाहिजे.

३. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. नखाने जाळी फाटत नाही आणि पकड बसते.

४. पाऊल खिशात सरकवा, टाच टाचेच्या जागी नेमकी बसवा. ही पायरी चुकली तर पुढचं सगळं चुकतं, कारण दाबाचे आकडे टाचेपासून मोजलेले असतात.

५. उरलेला भाग पायावरून वर पलटत न्या. वरची कड धरून ओढू नका. तळव्याने थोडं थोडं वर सारत जा.

६. कड गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबली पाहिजे. मोजा लांब वाटला तर कड दुमडू नका, दुमडलेल्या जागी दाब वाढतो आणि रक्त अडतं. खाली सारून पुन्हा सारखा पसरा.

७. सुरकुत्या हाताने काढा. बोटांजवळ तपासणीचं भोक असेल तर बोटं त्यातून बाहेर डोकावू देऊ नका, ते फक्त रंग बघायला असतं.

मग अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेली असेल तर पहिले काही तास पायाला काहीच कळत नसतं, म्हणून तेवढा वेळ ही तपासणी सोबतच्या माणसाने करायची.

रोजचं

मोजे रोज एकदा काढायचे, सहसा आंघोळीच्या वेळी, आणि अर्ध्या तासात परत घालायचे. या अर्ध्या तासात पाय उजेडात बघा: टाच, घोट्याची दोन्ही हाडं, नडगी, बोटांमधल्या फटी. लाल ठिपका मोजा काढल्यावरही बराच वेळ राहिला, फोड आला किंवा कातडी काळपट-जांभळी दिसली तर मोजा परत घालू नका, डॉक्टरांना फोन करा. वयस्कर माणसाचा किंवा मधुमेही पेशंटचा पाय दिवसातून दोन-तीनदा बघावा.

किती दिवस घालायचे? हालचाल पूर्वीसारखी होईपर्यंत, असं साधारण उत्तर आहे. डॉक्टरांनी दिवस लिहून दिले असतील तर तेच पाळायचे.

धुताना कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवे पसरून वाळवा. गच्चीतलं कडक ऊन, इस्त्री, ब्लीच यांनी लवचीक धागा मरतो. मोजा दिसायला तसाच राहतो, दाब मात्र गेलेला असतो. पूर्वी जोर लावून चढणारा मोजा सहज चढायला लागला की तो बदलायचा.

बिघडतं ते बहुधा असं. मोजा सारखा खाली घसरतो, म्हणजे माप मोठं आहे किंवा सूज उतरली आहे. पायाचं माप पुन्हा घ्या. गुडघ्यामागे काचतो, म्हणजे लांबी जास्त आहे. बोटांना मुंग्या येतात, बोटं थंड किंवा निळसर पडतात, तर लगेच काढा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टरांकडे जा. खाज बऱ्याचदा घामाची असते. रात्री पाय धुऊन कोरडे केले की कमी होते.

मोज्यापेक्षा मोठं काम

मोजा मदतनीस आहे, पंप पोटरीच आहे. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मध्यम आणि जास्त धोका असलेल्या ज्या पेशंटना रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन मिळत होतं, त्यांना वरून मोजे घालून वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून डॉक्टरांनी ‘तुम्हाला मोजे नकोत, चाला’ असं सांगितलं तर त्यांनी हयगय केली असं समजू नका.

भूल उतरून पायाला पूर्ण संवेदना आली आणि परवानगी मिळाली की त्याच दिवशी उठायचं. आधी कॉटच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसा, चक्कर येत नाही ना बघा, मग कुणाचा तरी हात धरून उभे राहा. घरी जागेपणी तासाला एकदा तरी उठून पाच मिनिटं चाला: हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. जुन्या वाड्यातले किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीतले जिने पहिल्या दिवसांत टाळा, सपाटीवरचं चालणं वाढवा. दोन-चार दिवसांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या चालतील. एकदम तासभर चालून उरलेला दिवस पडून राहण्यापेक्षा दिवसात दहा वेळा थोडंथोडं चालणं कितीतरी उपयोगाचं.

उठता येत नाही तेव्हा पडल्या पडल्या चवडा नाकाकडे ओढा, तीन सेकंद धरा, मग पुढे ताणा. असं दहा ते वीस वेळा, दर तासाला. नंतर घोटा गोल फिरवा, मांडीचे स्नायू आवळून सोडा, पाच मोठे श्वास घ्या. टीव्हीवर जाहिरात लागली की पाय हलवायचे असा नेम केला तर घड्याळ बघावं लागत नाही. घोट्याचं किंवा पायाचं ऑपरेशन असेल तर यातलं काय चालेल ते सर्जनला विचारा.

गुडघ्याखाली उशी ठेवून पडायची सवय मोडा. तिथेच शीर दबते. उशी घ्यायची तर पोटरीपासून टाचेपर्यंत आधार मिळेल अशी लांब घ्या. तासन्‌तास मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसू नका. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर पाणी नेहमीसारखं भरपूर प्या. चतुर्थी-एकादशीचा उपास या महिन्यात सोडला तर देव रागावणार नाही.

एक गोष्ट मायेने केली जाते आणि तीच घातक ठरू शकते. पाय दुखतोय म्हटलं की घरातलं कुणीतरी तेल घेऊन बसतं. ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी दुखत किंवा सुजत असेल तर ती चोळायची नाही, चेपायची नाही, शेकायचीही नाही. गुठळी असेल तर ती सुटून वर जाऊ शकते. आधी डॉक्टर, मालिश नंतर.

प्रवास

गावी आराम करायला म्हणून आठवड्याच्या आत कोल्हापूर किंवा सोलापूर गाठणारे पुष्कळ आहेत. चार-पाच तास पाय लोंबकळत बसणं हे पोटरीसाठी पडून राहण्यासारखंच आहे. प्रवास पुढे ढकलता आला तर पहिले तीन-चार आठवडे ढकला. नाहीच जमलं तर स्वतःची किंवा ठरवलेली गाडी घ्या, दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला आणि गाडीत चवड्याचा व्यायाम चालू ठेवा. एसटीत मागची, खिडकीकडची, पाय न पसरता येणारी जागा नको.

इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील तर

पोटाच्या कातडीखाली घ्यायचं, रक्त गोठू न देणारं हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येतं. बेंबीपासून चार बोटं दूर, रोज बाजू बदलून, कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालायची. सिरिंजमधला हवेचा लहान बुडबुडा पूर्ण डोस घेताना काढायचा नाही. नंतर जागा चोळायची नाही, चोळल्याने काळंनिळं होतं. ठरलेले डोस पूर्ण करा. हेपरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. हे ज्यांना चालत नाही त्यांनी न संकोचता आधी सांगावं, इतर औषधं उपलब्ध आहेत. या काळात मेडिकलमधून आपल्या मनाने डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. शौचाला काळं होणं, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

हे दिसलं तर थांबू नका

एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं, गरम लागणं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, पाय काळपट-जांभळा वाटतो किंवा कातडी ताणल्यासारखी चकाकते. टेपने दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा, नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर संशय बळावतो, पण फरक कमी म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच दिवशी पायाचा डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्यायचा. डी-डायमर ही रक्ततपासणी ऑपरेशननंतर अशीही वाढलेली येते, त्यामुळे वाढलेल्या आकड्यावरून काही ठरत नाही.

अचानक धाप लागणं, खोल श्वास घेताना छातीत कळ येणं, खोकल्यातून रक्त, छातीत धडधड, भोवळ: ही फुप्फुसात गुठळी गेल्याची लक्षणं असू शकतात आणि पायाला काहीही झालेलं नसतानाही येऊ शकतात. पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका. पेशंटला चालवत जिना उतरवू नका, स्कूटरवर मागे बसवू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या, रात्रंदिवस कॅज्युअल्टी चालू असलेल्या हॉस्पिटलात न्या. पोहोचल्यावर पहिल्या वाक्यात ऑपरेशन कोणतं आणि किती तारखेला झालं ते सांगा, डिस्चार्ज कार्ड हातात द्या. ‘धाप लागतेय’ एवढंच ऐकलं तर डॉक्टर दमा आणि हार्ट ॲटॅकचाही विचार करतील. ‘अठरा दिवसांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालंय आणि अचानक धाप लागली’ म्हटलं की तपासणी नेमक्या दिशेने सुरू होते.